मंगलाष्टकांचा कागद

रविवार, संध्याकाळ

माझ्या मावसबहिणीचं, सुनंदाचं लग्न लागलं. दोन दिवसांची धावपळ संपवून घरी येऊन पडलेय, आणि वेणीतून अजून अक्षता निघताहेत.

शुक्रवारी मेंदीच्या हातांनी तिने मला अडवलं. "अप्पांशी बोल गं. कॉलेजचं शेवटचं वर्ष करू देतील, एवढा शब्द सासरच्यांकडून लग्नाआधी घ्या म्हणावं. तू डिग्रीवाली, तुझं ऐकतील." मी हो म्हटलं. मीच तर तिला शिक शिक म्हणून मागे लागले होते.

काल हॉलवर तिच्या वडिलांना, अप्पांना गाठलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हातात कागद ठेवला. "कन्नड शाळेत शिकलेल्या आमच्या पोरांना मराठी वाचता कुठे येतं? मंगलाष्टकं तूच म्हण. शिकलेली आहेस, अल्वा? हो ना?" मला इतकं बरं वाटलं! मग बोलू, असं म्हणून चाल बसवत राहिले.

आज अंतरपाटाशी उभ्या सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. बोललीस का, एवढंच विचारत होती. मी कागदात मान घातली आणि 'सावधान' म्हटलं.

निघताना तिची सासू हसून म्हणाली, "आता पुस्तकं पुरे." अप्पाही हसले. सुनंदा नाही. मी?

पुन्हा एक अक्षत उशीवर पडली.

अम्मा म्हणते, "रडतेस कशाला? तिचं बोगादीचं सासर काय लांब आहे?" बाहेर ती शेजारणीला मोबाइलवर मंगलाष्टकांचा व्हिडिओ दाखवतेय. मी इथून ऐकतेय. माझा आवाज कुठेच अडखळत नाही.