राखून ठेवलेली तारीख

प्रिय कोमल,

प्रिय लिहिताना हात अडखळला, पण तुला दुसरं काही लिहायची सवय नाही, म्हणून लिहिलं. तुझं पाकीट परवा साखऱ्याला पोचलं. त्याचं शेवटी सांगते. आधी मला भांडू दे. फोनवर तू गोड बोलून मला गप्प करतेस आणि ह्या वेळी मला गप्प व्हायचं नाही.

तुझी ती मुलाखत अख्ख्या सेनगाव तालुक्यानं मोबाईलवर पाहिली. गळ्यात राज्य स्पर्धेचं पदक, अंगात नवंकोरं जॅकेट, आणि बोललीस काय, तर आमच्याकडं नेमबाजीच्या सरावाला जागाच नव्हती, भिंतीवर काळा ठिपका काढून मी एकटीनं शिकले. एकटीनं! अगं बाई, जीभ कशी धजली तुझी? तो ठिपका आमच्या ओसरीत होता. तू रिकामी एअर रायफल धरून उभी राहायचीस आणि मी शेजारी बसून नळी कुठं हलते ते बघायचे. चाप ओढताना तुझा खांदा वर यायचा, ते सांगून सांगून माझं तोंड दुखलं. छर्रा नसला म्हणून काय झालं, चाप सुटल्यावरही तशीच थांब, डोळा काढू नको, म्हणून मीच ओरडायचे. आईला वाटायचं, ह्या पोरींना भांडायला नवीन निमित्त मिळालं. पण माझं सोड. मला विसरलीस तर मी तुला चार शिव्या घालीन आणि मोकळी होईन.

किशनकाकांना कशी विसरलीस? त्यांचं मंगल कार्यालय हीच आपली नेमबाजीची रेंज होती ना गं? दहा मीटर सरळ अंतर मिळेल असा दुसरा बंद हॉल आपल्याला कोण देत होतं? लग्नतिथी नसली की त्यांचाच फोन यायचा, उद्या हॉल रिकामा हाय, या पोरीहो. आपण पोचायच्या आधी नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारलेल्या असायच्या. स्टेजपाशी मातीची पोती, त्यांच्यापुढं जाड फळी, फळीवर आपला कागद. कागद फडफडू नये म्हणून पंखे बंद. आणि मधेच कुणी आत घुसू नये म्हणून काका घामानं निथळत दारात बसून राहायचे. एकदा तुझ्या पायाखाली अक्षतेचा दाणा आला आणि नेम हुकला, आठवतं? त्या दिवसापासून आपण यायच्या आधी ते स्वतः हॉल झाडायचे. कार्यालयाचा मालक माणूस! लगनसराईत हॉल मिळायचा नाही, तेव्हा आपल्यापेक्षा तेच जास्त कासावीस व्हायचे. ओसरीत बराबर उभ्या राहता ना, म्हणून येता-जाता विचारायचे.

मुलाखत त्यांनीही पाहिली. आणि उठून आपल्या सरावाची फळी आणि पोती अडगळीत टाकली. मी शिलाला घेऊन गेले होते. शिला म्हणजे आमच्या शेजारची, तुझं बघून नेमबाजीला लागलेली. आपल्याच जुन्या रायफलवर शिकते, पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे. काका तिच्याकडं न बघता म्हणाले, इथं जागाच नव्हती म्हणे, मंग आता काहून मागून राहिल्या? काय उत्तर देऊ, तूच सांग! आता ती पोरगी माझ्या ओसरीत ठिपक्यापुढं उभी राहते. हात स्थिर झालाय तिचा, तुझ्याहून लवकर. पण खरा छर्रा सोडल्याशिवाय नेम कुठं लागतो ते तिला कळायचं कसं? चाचणीत काय रिकामा चाप ओढून दाखवायचा? टाळ्या तुला मिळाल्या आणि तोंडचा घास तिचा गेला. तुला ह्याची खबर तरी आहे का?

आता पाकिटाचं. पत्रिका छान आहे. नांदेडचं लॉन, सनईवाले, सगळा थाट खुशाल कर. ती दाखवायला मी काकांकडं गेले, तर तारखेखाली नांदेडचं नाव वाचून त्यांनी बुकिंगची वही काढून माझ्यापुढं टाकली. तुझी सोयरीक जमून तारीख ठरल्याचं कळलं त्या दिवशीच त्यांनी ती तारीख तुझ्या नावानं धरून ठेवली होती. आपल्या पोरीचं लग्न दुसऱ्या हॉलात कसं होईल, म्हणून त्याच तारखेला हॉल मागायला आलेले औंढ्याचे पाहुणे परत पाठवले. ना कुणाला विचारलं, ना सांगितलं, वेडा माणूस! आणि ऐक, मुलाखतीचा इतका राग आला तरी तारीख मोडली नव्हती त्यांनी. वही मिटली आणि माझ्या हातात हॉलची किल्ली ठेवली. म्हणाले, कोमलची तारीख हाय, चाचणीच्या आधीच येती, रिकामी जाऊ द्यायची न्हाई, त्या पोरीला घेऊन ये. म्हणून मी तुझ्या लग्नाला येणार नाही. तुझ्यावर अक्षता पडत असतील तेव्हा इथं पंखे बंद असतील आणि शिला पहिला छर्रा सोडत असेल. त्या दिवशी हॉलमध्ये अक्षतेचा एक दाणाही नसेल. तरी काका आधी येऊन झाडून ठेवतील, मला ठाऊक आहे.

तुझीच, पण अजून रागातच असलेली,
पल्लवी