तंबूतला नरसिंह

१० मार्च १९२७, गुरुवार
कावेरीच्या वाळूत सिनेमाचा तंबू लागला आहे. चित्रं मुकी. पडद्याशेजारी उभं राहून तमिळमध्ये गोष्ट सांगायला माणूस लागतो. तो मी. मॅनेजर कृष्णमूर्तीने विचारलं, रावजी, इंग्लिश टायटल्स वाचता येतील ना? मी हसलो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
विठ्ठलाच्या मठात माझं कीर्तन बंद करणारे आता पस्तावतील. दात गेल्यामुळे शब्द कळत नाहीत म्हणे! चिरंजीव राजगोपाल म्हणाला, अप्पा, हेही बिघडलं तर सुंदरपेरुमाळ कोयिल गावी गोदाआत्याकडे जाऊन राहा. तिच्या म्हशी तरी तुमचं ऐकतील.
निश्चय: उद्या पहाटेपासून आवाजाची प्रॅक्टिस.

११ मार्च, सकाळी
प्रॅक्टिस नाही. घसा राखून ठेवला.

१२ मार्च, शनिवार
काल पहिला भाग. एक साहेब, मडम आणि मुलगा डोंगरात तंबू ठोकून राहतात. स्वतःचं घर असताना! मी वनवास म्हणून सांगितलं. लोकांना पटलं.
मग झाडीतून ते आलं. अंगभर केस, मानेला आयाळ, दोन पायांवर. मीच दोन पावलं मागे सरलो. पण नीट पाहिलं. धड माणूस नाही, धड जनावर नाही. वेळ तिन्हीसांजेची. उभं कुठे, तर तंबूच्या दारात, ना आत ना बाहेर. ओरडलो, अहो, हा नरसिंह! साहेब हिरण्यकशिपू, पोरगा प्रल्हाद!
बायका उठून उभ्या राहिल्या. कापूर पेटला. पुढच्या बाकावरून वकिलाचा कारकून गुरुमूर्ति ओरडला, रावजी, टायटलमध्ये लिहिलंय, हे डोंगरातलं माणूसखाऊ भूत आहे. बायकांनीच त्याला गप्प केलं.
इंग्लिश शिकलं की देव दिसेनासा होतो.

१४ मार्च
बाजारात लोक नमस्कार करतात. दुसरा भाग शुक्रवारी रेल्वेने येणार. कृष्णमूर्ति म्हणाला, शेवट मीही पाहिलेला नाही, जरा सांभाळून बोला. त्यात पाहायचं काय? हिरण्यकशिपूचं पोट फाटणार, प्रल्हाद मांडीवर बसणार. तसं गावभर सांगून आलो.
बायको धनलक्ष्मी म्हणाली, साहेबाने काढलेल्या फिल्ममध्ये साहेबाचंच पोट फाडतील होय?
बायकांना पॉलिटिक्स कळत नाही.

१७ मार्च
मठातल्या पंचांचा निरोप: शेवट बघायला येतो, मग तुमच्या कीर्तनाचं ठरवू. म्हणजे ठरलंच.

१९ मार्च, शनिवार
थोडक्यात लिहितो.
देवाला आवडतं म्हणून बायका गुळाच्या पानकाच्या घागरी घेऊन पुढे बसलेल्या. देव दारात. मी म्हणालो, आता बघा नखं! साहेबाने बंदूक उचलली. मी म्हणालो, भिऊ नका, देवाला गोळी लागत नाही. लागली. मी म्हणालो, लीला आहे. दुसरी लागली. देव उताणा पडला. साहेबाने छातीवर बूट ठेवून फोटो काढून घेतला. प्रल्हादाने टाळ्या वाजवल्या. मग टायटल आलं. गुरुमूर्तीने मोठ्याने वाचलं: चला, आता चहा घेऊ.
एक म्हातारी रडायला लागली. मग पहिली घागर माझ्या अंगावर आली. पंच हसत होते, स्पष्ट दिसलं.
घरी ओसरीवर माझी वळकटी बांधून ठेवलेली. राजगोपाल म्हणाला, म्हशी वाट बघतायत.

२१ मार्च, सोमवार
गेलो नाही. कृष्णमूर्तीने बोलावलं. तंबू भरतो आहे. देव कसा मेला ते सगळ्यांना बघायचंय. गोष्ट आता गुरुमूर्ति सांगणार. मला त्याहून मोठं काम. अंगाला काथ्या गुंडाळून, आयाळ लावून, जाहिरातीच्या बैलगाडीवर उभं राहायचं. दात नाहीत ते बरंच, कृष्णमूर्ति म्हणाला, तोंड उघडलं की पोरं घाबरतील.
अखेर आर्टिस्टच झालो.

२३ मार्च, बुधवार
आज गाडी मेलकावेरीत, आमच्याच गल्लीत. पोरं काठ्यांच्या बंदुका करून गोळ्या घालतात. दर गोळीला पडावं लागतं. गुडघे सोलले.
ढोल ऐकून धनलक्ष्मी दारात आली. शेजारच्या अलमेलूने विचारलं, मामी, हे तुमचे रावजी ना? धनलक्ष्मीने माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. म्हणाली, छे, आमच्या घरात असं कोणी नाही. आणि कडी घातली.
मेकअप इतका उत्तम, की प्रत्यक्ष बायकोने ओळखलं नाही.