ताईच्या गोळ्यांचा डबा

प्रिय ताई,

काल माझं डायलिसिस बंद झालं. मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागली. सकाळी नर्सबाईंनी लघवीचं भांडं उजेडात धरून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. या वयात असल्या कामाचं कौतुक होईल असं वाटलं नव्हतं.

तू रोज फोनवर विचारतेस, "कशानं झालं रे हे?" पाणी कमी प्यायलो, असं मी सांगतो. ते निम्मंच खरं आहे. फरशा बसवून बसवून माझे गुडघे धरले, तेव्हा तू तुझ्या डब्यातल्या दुखण्यावरच्या गोळ्या दिल्यास, आणि मी त्या महिनाभर पेपरमिंटसारख्या खाल्ल्या. मूत्रपिंडाच्या आतल्या पेशी त्यांच्यामुळेच मेल्या, असं डॉक्टर म्हणाले. आता नव्या येतायत.

हे वाचलंस तर तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून हे पत्र उशीखालीच राहणार. पण त्या गोळ्या तूही घेतेस. इथून सोडलं की आधी तुझ्याकडे येतो. गुडघे दुखतात म्हणून सगळा डबाच मागेन. माझ्यासाठी म्हटल्यावर तू एक गोळीसुद्धा मागं ठेवणार नाहीस.

तुझा,
धाकटा