अकराव्या गोदामाचा चढ

४ जानेवारी
पार्टनरने आज नोकरी सोडली. आता मी वजनं तपासणाऱ्या लॅबमधून राजीनामा दिला की आमचं स्वतःचं काम सुरू. अकरा गोदामांचे वजनकाटे दर सहा महिन्यांनी तपासून द्यायचे. गोदामांच्या मॅनेजरसाहेबांनी तोंडी होकार दिलाय. अट एकच, कायमची गाडी हवी, कारण तपासणीची प्रमाणित वजनं मिळून एक टन भरतात. गाडीचा नंबर १५ फेब्रुवारीपर्यंत कळवायचा, नाहीतर काम दुसऱ्याला.
पिकअप घ्यायची हे ठरलंय. टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांना की चारही, एवढंच बाकी आहे. दोन दिवसांचं काम.

७ जानेवारी
दहा गोदामं डांबरी रस्त्यावर आहेत. प्रश्न फक्त अकराव्याचा. शेवटचे सहाशे मीटर कच्चा चढ, मध्ये पाझर, तिथे बारा महिने चिखल. चढ मोजला. सरासरी नऊ अंश, एका ठिकाणी चौदा.
पार्टनरला आकडे पाठवले. म्हणाली, अगं, वर्षातून दोनदा जायचंय तिथे, संसार थाटायचा नाहीये. मी म्हटलं, दोनदा जाऊन दोन्ही वेळा अडकलो तर ते शंभर टक्के अपयश आहे. ती नुसती हसत होती.

११ जानेवारी
तक्ता केला. चौदा निकष, प्रत्येकाला भारांक. फोर-व्हील ७.१, टू-व्हील ७.०. फरक नगण्य आहे. निकष वाढवावे लागतील.
राजीनामा टाइप करून ठेवला. तारीख मोकळी. गाडी ठरली की भरेन.

१६ जानेवारी, दुपारी १.१०
शोरूममधून टू-व्हीलवाली टेस्ट ड्राइव्हला घेतली आणि थेट चढावर नेली. पाझरापाशी मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. तीन प्रयत्न, तिन्ही फसले. निकाल स्वच्छ.
विटा वाहणाऱ्या एका पिकअपवाल्याने दोर लावून ओढून काढलं. त्याची गाडीही टू-व्हीलच. म्हणाला, ताई, रिकामी आणलीत होय? रिकामी नाचते ही. मागे वजन टाका, मुकाट्याने चढते. आभार मानले. अशा माणसांकडे अनुभव असतो, मोजमाप नसतं.

१७ जानेवारी
पार्टनरला कळवलं, फोर-व्हील. म्हणाली, सुटले एकदाची! उद्याच्या उद्या बुक कर.

१८ जानेवारी, दुपारी
लॅबमध्ये वीस किलोचं वजन उचलून ठेवताना लक्षात आलं. आमची गाडी त्या चढावर कधीच रिकामी जाणार नाही. एक टन लोखंड मागच्या चाकांवर असणार. मी चाचणी चुकीच्या भारावर घेतली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याचा अहवाल परत पाठवला असता.
बुकिंग केलं नाही. पार्टनरला कारण सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हेच तो विटावाला तुला फुकटात सांगत होता ना? मी म्हटलं, सांगणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं.

२४ जानेवारी
भारासह चाचणीची परवानगी मागितली. शोरूमवाला म्हणाला, मॅडम, टेस्ट ड्राइव्ह म्हणजे घरच्यांना बसवायचं आणि चौकातून वळून यायचं. लोखंड भरायचं नाही. दुसऱ्या शोरूममध्ये गेले. मी काही बोलायच्या आत तिथला माणूस म्हणाला, चढावाल्या मॅडम तुम्हीच का?
शास्त्रीय वृत्तीचा अभाव सगळीकडे सारखाच.

२९ जानेवारी
आई म्हणाली, तुझ्या बाबांना मी अर्ध्या तासात होकार दिला होता. मी म्हटलं, म्हणूनच. आईने भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, तेही खरंय.

३ फेब्रुवारी
पार्टनरच्या सासूबाईंनी विचारलंय, तुझी मैत्रीण गाडी घेतेय की बनवतेय? पार्टनर हसत हसत सांगत होती. मग म्हणाली, महिनाभर घरी बसून मी भिंतीशी बोलायला लागलेय, आणि खरं सांगू, भिंत तुझ्यापेक्षा लवकर उत्तर देते.
तिचा ताण मी समजू शकते. म्हणूनच निर्णय चुकता कामा नये. आठवडाभरात संपवायचं, असं ठरवलं.

८ फेब्रुवारी
विटावाल्याला गाठलं. एक टन विटा भरलेल्या गाडीत शेजारी बसून चढावर गेले, मांडीवर चढ मोजायचं उपकरण. गाडी एका दमात वर. तो म्हणाला, झालं ना समाधान?
संध्याकाळी लक्षात आलं की चिखलातला ओलावा मोजायचा राहिला. ओलाव्याशिवाय या चाचणीला अर्थ नाही. पुढच्या फेरीचं ठरवायला त्याचा फोन नंबर पार्टनरला दिला. कामाची वाटणी हवी, सगळं मीच करतेय.

१३ फेब्रुवारी
निकष आता एकतीस. दोन्ही गाड्या ७.०५. इतका अचूक तक्ता मी आजवर केला नव्हता.
मॅनेजरसाहेबांना मुदतवाढीसाठी ईमेल केला, तक्ता जोडला. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं. तक्ता नको, गाडीचा नंबर द्या.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४०
पार्टनरचा फोन. तिने नंबर कळवला. विटावाल्याच्या गाडीचा. तो आता कामात भागीदार. म्हणाली, तिसरी जागा तुझीच आहे गं, तू नसशील तर काट्यांच्या दाखल्यांवर सही कोण करणार? मला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल आणि मला ते नकोय. तुमचं ऑफिस सहापर्यंत उघडं असतं ना? राजीनाम्यावर तारीख टाक आणि देऊन ये.
मी म्हटलं, त्याच्या मागच्या टायरची नक्षी मी पाहिलीय, जेमतेम दोन मिलिमीटर उरलीय.
ती म्हणाली, बरं.
सहा वाजता ऑफिस बंद झालं. घाईचे निर्णय टिकत नाहीत. सोमवारी बोलेन तिच्याशी.

१८ फेब्रुवारी
सोमवारी लॅबमध्ये ऑडिट होतं. आज फोन केला. पार्टनर म्हणाली, सही करायला एक बाई मिळाल्या, निवृत्त आहेत, कडक आहेत. मी अभिनंदन केलं. निवृत्त माणसं चढावर किती दिवस येतील हा प्रश्नच आहे. तो विचारला नाही.

६ मार्च
त्या तिघांची पहिली फेरी झाली. अकराव्या गोदामापर्यंत पोचले. त्या आठवड्यात पाझर कमी असणार.

२१ ऑगस्ट
त्यांची वजनं तपासणीला आमच्याच लॅबमध्ये आली होती. पन्नास नग. मीच तपासली. एकोणपन्नास मर्यादेत, पन्नासावं दीड ग्रॅम हलकं. त्यावर तशी नोंद केली. ओळख आहे म्हणून सूट दिली नाही.
आज ती स्वतः न्यायला आली. रापलीय. दुसरी फेरी संपली म्हणाली. बाहेर विटावाला वजनं गाडीत चढवत होता, नवे टायर होते. हलक्या वजनाचं सांगितलं. म्हणाली, बरं झालं पकडलंस, बदलून घेते. आईची चौकशी केली. मग विचारलं, शेवटी कुठली गाडी घेतलीस?
मी म्हटलं, निर्णय अंतिम टप्प्यात आहे.
ती हसेल म्हणून थांबले. हसली नाही. हो का, म्हणाली, आणि पावतीवर सही कुठे करायची ते विचारलं.