बाबी तांडेलाचं शिफारसपत्र

३ डिसेंबर १९६३, मालवण
खात्याचा छापील अर्ज आला. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत (म्हणजे एक कपाट नि सहा परीक्षानळ्या) बसून तीनदा वाचला. यांत्रिक होड्यांचं प्रशिक्षण केंद्र, साहाय्यक निदेशक, बी.एस्सी. हवा. वर्षभर रत्नागिरी, मग बंदरोबंदर फिरून खलाशांना इंजिन शिकवायचं. चार वर्षं पोरांना फळ्यावर खडूचा मासा दाखवतोय. कंटाळलो. मुदत २० जानेवारी.
पत्रं तीन हवीत. एक कॉलेजच्या प्राध्यापकांचं. एक सध्या जिथे नोकरी तिथलं, म्हणजे आमच्या हेडमास्तरांचं (यापुढे हे.मा., शाई वाचवायला हवी). तिसरं जसंच्या तसं उतरवतो: ‘अर्जदारास किमान पाच वर्षे ओळखणाऱ्या, दर्यावर्दी धंद्यातील, व अर्जदाराचा नातेवाईक नसलेल्या जबाबदार इसमाचे.’
नातेवाईक नसलेला! आमच्या वाडीत!

५ डिसें.
आयेला सांगितलं. बाजारातून येऊन मासळीची पाटी उतरवत होती.
"तुका खुर्चेर बसवक मी इतकी वर्सां पाटी व्हयली, आणि तू परत दर्यात जातलंस?"
म्हटलं, दर्यात नाही गे, दर्याच्या शाळेत.
"शाळा हयसर पण आसा."
बाबा गेल्यापासून तिनेच वाढवलंय. तिच्यापुढे माझी डिग्री चालत नाही.
पण जेवताना तीच माणसं मोजायला बसली. हा चुलता, तो मावसा, तो आत्येचा दीर. उरला एकच, पलीकडच्या वाडीतल्या रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) तांडेल, म्हणजे म्होरक्या, बाबी. "बाबी तांडेल आपलो कोण नाय," म्हणाली. मग हसली. "अजून तरी नाय."
म्हणजे झालंय असं की तिने आणि बाबी तांडेलाने जत्रेत बोलणं काढलंय. त्याची मुलगी रत्ना नि मी. साखरपुडा जानेवारीच्या मध्यावर. मला हे आज कळतंय!
रागवायला हवं होतं. पण रत्ना... सातवीची फायनल पास. बापाचे सगळे कागद तीच लिहिते. किनाऱ्यावर रापणकरांना वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि मध्येच थांबून संपादकाला नावं ठेवते. त्या बाजूने शाळेत जायला मला वळसा पडतो. तीन वर्षं वळशाने जातोय. राग काही आला नाही.

६ डिसें.
सकाळी दात घासताना डोक्यात प्रकाश पडला. साखरपुडा झाला की बाबी तांडेल सासरा. सासरा म्हणजे नातेवाईक. पत्र त्याआधीच हवं.

१३ डिसें.
प्राध्यापकांचं पत्र कोल्हापूरहून आलं. देवमाणूस. लिहितात, ‘प्रयोगशाळेतल्या बरणीत इसवणाचे (सुरमईचे) पिल्लू होते व वर चिठ्ठी बांगड्याची होती. ही चूक अकरा वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही; ती यांनी दाखविली.’ घरात नाचलो. आयेने विचारलं, लागली नोकरी? म्हटलं नाही, इसवण आठवली.

१६ डिसें.
हे.मा. पेचात. चष्मा काढला, पुसला, घातला.
"तुमच्याबद्दल चांगलं लिहिलं तर तुम्ही जाणार. वाईट लिहिलं तर असा माणूस चार वर्षं ठेवलात कसा, असं संस्था मलाच विचारणार. मधलं काही लिहिता येईल का?"
म्हटलं, खरं लिहा सर. म्हणाले, तेच तर कठीण आहे. विचार करून सांगतो.

२१ डिसें.
बाबी तांडेलाकडे गेलो. जाळं विणत बसला होता. डोळे जाळ्यात, कान माझ्याकडे. सगळं ऐकून घेतलं.
"पाच वर्सां वळखतंय खरो. पण रस्त्यार. दोरयेर खंय बघलंय तुका? खोटा कसा सांगू सरकाराक?"
म्हटलं, मग काय करू?
"फाल्यां पाटे रापण आसा. ये."
आतून कोणीतरी हसलं. कोण ते मला कळलं.

२२ डिसें.
हात. लिहवत नाही. रापण ओढली. उद्या.

२३ डिसें.
आता बोटं वळताहेत. किनाऱ्यावर दोन रांगा, दोन टोकांच्या दोऱ्या, कमरेत वाकून मागे मागे जायचं. पाऊण तासात तळहाताची साल निघाली. सोडावीशी वाटली, सोडली नाही, कारण रत्ना (तीही यापुढे र.) टोपली घेऊन बरोब्बर समोर उभी. दहावीची अर्धी पोरं बघायला आली होती. एकजण ओरडला, "सर, बल किती न्यूटन?" सगळे फिदीफिदी. मीही.
शेवटी जाळं वर आलं, नुसती चांदी, तारलीच तारली. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, हा रापणीचा कायदा. बाबी तांडेलाने माझी टोपली स्वतः भरली. घरी नेली तर आये बघतच राहिली. बाबांच्या मागे या घरात विकत न घेतलेली मासळी पहिल्यांदा आली. मासळीचं तिखलं असं केलंन की मी चार वेळा भात घेतला.

२ जानेवारी १९६४
हे.मा. नी पत्र दिलं. दोनच ओळी. ‘श्री. अनंत यांच्यासारखा विज्ञानशिक्षक मिळणे कठीण आहे. तरी आपण त्यांस घ्यावे, कारण ते वर्गात खिडकीच्याच बाजूला उभे राहतात.’ वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मला वाटायचं कोणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या पाया पडलो. "पुरे, पुरे," म्हणाले, "जूनला माणूस शोधायचाय मला."

६ जाने.
आजचा दिवस सगळा लिहायला हवा.
बाबी तांडेल पत्र सांगणार, र. लिहिणार. अंगणात दहाबारा रापणकर जाळी शिवत बसलेले, आयेही आलेली. तांडेल उठला, टोपी सारखी केली, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं! मोठ्या माणसाशी बोलायची त्याला ठाऊक असलेली ती एकच रीत, देवीसमोर उभं राहून घालतात तशी.
"बा सायबा म्हाराजा, तू थंय खुर्चेर बसलेलो आसंस..."
रापणकरांनी जाळ्यातून मान वर न काढता साथ दिली, "व्हय म्हाराजा!"
"ह्यो आमचो अनंतो मास्तर तुज्या दारात येता हा, त्येका पदरात घी..."
"व्हय म्हाराजा!"
"त्येच्या हाताक फोड इले, पण त्येना दोरी सोडूक नाय..."
"व्हय म्हाराजा!"
"इंजिनाचा त्येका काय कळता, ता माका म्हायत नाय. माकाच कळना नाय. पण ह्यो शिकवता तेवा पोरां झोपनत नाय, असां ऐकलंय. वायच उलट बोलता, ता तू सांभाळून घी..."
"व्हय म्हाराजा!"
र. खाली मान घालून सगळं उतरवतेय, ‘व्हय म्हाराजा’सुद्धा, प्रत्येक ओळीला. मी घामाघूम. आणि तांडेलाला चेव आलेला.
"आणि बा सायबा, खोटा कित्या सांगू, ह्यो माझो जावय होतलो..."
"व्हय म्हाराजा!"
लेखणी थांबली.
"ह्या मी लिवचंय नाय," र. म्हणाली.
"कित्या गो?"
"खोटा आसा म्हणान. माका इचारल्यान कोणी? तुमी सगळे व्हय म्हणतात. मी अजून म्हणूक नाय."
आये आणि तांडेल एकमेकांकडे बघताहेत. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे. खरंच की. तीन वर्षं वळशाने गेलो, विचारलं कधी? एकदाही नाही. शरम वाटली.
तांडेलाने डोकं खाजवलं. "बरा तर. नको लिवू." शेवटच्या ओळीखाली अंगठा उठवला. पत्र झालं.

७ जाने.
असलं पत्र साहेबाला कसं पाठवायचं? कचेरीच्या मराठीत उतरवून काढलं. ‘सदर इसम कष्टाळू व विश्वासू असून...’ वाचलं तर त्यात मी नाहीच, कोणीही असावा. दोन्ही कागद हे.मा. ना दाखवले. त्यांनी र. च्या हातचा वाचला, हसून हसून चष्मा ओला. खाली लिहिलं, ‘अंगठा खरा आहे’, सही ठोकली. माझा कागद फाडून टाकला.

९ जाने.
विचारलं. ती जाळी वाळत घालत होती. म्हटलं, रत्ना, माझ्याशी लग्न करशील? पाठ केलेलं बरंच होतं, एवढंच आलं.
"इचारलात ता बरा केलात." जाळ्याचं टोक मला धरायला दिलं. "पण आता व्हय म्हटलंय तर बाबांचो अंगठो खोटो ठरतलो. खात्याचो जबाब येवंदे, मगे माझो देतलंय."
आणि खात्याने नाही म्हटलं तर?
"मगे माका कोणाची वाट बघूची नाय." असं म्हणून लाजली की काय, जाळ्याआड गेली. दिवसभर वर्गात चुकीची सूत्रं लिहिली. पोरांनी सुधारली.

११ जाने.
तिन्ही पत्रं रजिस्टरने रवाना. साखरपुडा पुढे ढकलला. आये वैतागली, "सरकाराचो आणि तुज्या लग्नाचो काय संबंध?" समजावून सांगितलं. तिला पटलं नाही, पण र. बद्दल म्हणाली, "चेडू खमका आसा." म्हणजे पसंत.

२९ जाने.
पोस्टमन शाळेतच आला. खाकी लखोटा! तास अर्धा टाकून, हे.मा. नी बघून न बघितल्यासारखं केलं, किनाऱ्यावर धावलो. र. च्या हातात दिला. तिने फोडला, मोठ्याने वाचला. ‘आपला अर्ज सर्व शिफारसपत्रांसह पोहोचला. तिसरे पत्र मा. साहेबांनी स्वतः ठेवून घेतले आहे. पुढील निर्णय यथावकाश कळविण्यात येईल.’
एवढंच.
"यथावकाश म्हंजे कदी?"
मी मास्तर असून सांगता येईना. ठेवून घेतलं म्हणजे आवडलं, की चौकशीला? तेही कळेना.
तिने कागदाची नीट घडी केली आणि मला न देता स्वतःच्या ओच्यात खोचली.
"मगे माजा पण यथावकाश," म्हणाली.
हसत होती.