काठाला एक हात

आबा, आज गुरुवार, कंपन्यांना सुट्टी, म्हणून नात घरात सापडली. मी बोलते, ती लिहिते. माझं ‘व्हय’ ती ‘हो’ करते, मी डोळे वटारले की परत ‘व्हय’ करते, निदान म्हणते तरी तसं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात सांगण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, पण ते तुम्हाला कळलं काय, न कळलं काय, सारखंच होतं. हे पोहण्याचं आहे, आणि पोहायला तुम्ही शिकवलंत.

माझा नातू, म्हणजे तुमचा पणतू, देशाची टोपी घालून परदेशात पोहायला गेला होता. बावीस वर्षांचा बाप्या झालाय, दाराच्या चौकटीला डोकं लागतं. त्याची शर्यत अशी, की चार तऱ्हांनी पोहायचं आणि मध्ये थांबायचं नाही. आधी फुलपाखरू. फुलपाखरू म्हणतात खरं, मला तर कुणी खळ्यात ओलं पोतं आपटतंय असं दिसतं. मग उताणं. मग बेडकासारखं. आणि शेवटी हात मारत सरळ, विहिरीत आपण पोहायचो तसं. दर खेपेला भिंतीला शिवून परत फिरायचं. त्यात फुलपाखराला आणि बेडकाला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत, एकच लागला तर माणूस बाद. नातीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “बाई गं, हा नेम त्यांनी आमच्या गावाहून, निघोज्याहून नेला की काय!”

कारण तो तुमचाच नेम. आपली पायऱ्यांची विहीर. मी सात वर्षांची आहे, पाठीला वाळका भोपळा बांधलाय आणि सुंभाची गाठ काखेत काचतेय. भोपळा तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम वेलावर राखला होता, आईनं भाजीसाठी दोनदा मागितला तरी दिला नव्हता. तुम्ही खालच्या पायरीवर उभे. मी धापा टाकत येते, एका हातानं दगड पकडते, आणि तुम्ही माझा तो हात सोडवून मला परत पाण्यात ढकलता. “दोनी हात काठाला लागल्याबगर पोहून झालं म्हनायचं न्हाई. एका हातानं धरलेला काठ निसाटतो.” मी रडले. तुम्ही पुन्हा ढकललंत. चौथ्या खेपेला दोन्ही हात लावले, तेव्हा कुठं वर घेतलंत.

मग पाच वर्षांनी तुम्हीच बंद केलंत. विहिरीच्या कठड्यावर गावची दोन पोरं बसलेली तुम्ही पाहिलीत आणि तिथूनच ओरडलात, “बास आता. वर ये. परत पान्यात दिसलीस तर बघ.” भोपळा खुंटीला गेला. मी वाद घातला नाही, कारण वाद घालायची पद्धत नव्हती. पण आबा, तुम्ही कांद्याची गाडी घेऊन चाकणच्या बाजाराला जायचात, तो अख्खा दिवस माझा असायचा. आईला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणायची, “केस वाळव, येतील ते.” लग्नानंतर मी पिंपरीला आले, तरी माहेरपणाला गेले की उतरायचेच. फक्त आता अंगावर लुगडं होतं, आणि वरून कोण डोकावेल त्याचा भरवसा नव्हता. म्हणून पायरीशी आले की काठाला एक हात आणि छातीशी पदराला एक हात. तुमचा नेम मोडला, पण दोन हातांत दोन्ही कुठं बसणार?

तुम्ही गेल्यावर एका मे महिन्यात नातवाला निघोज्याला नेलं. सहा वर्षांचा होता. त्याला त्याच विहिरीत मीच शिकवलं, दुसरं कोण होतं? पोर बघून बघून शिकलं. चड्डीवर असलेलं ते उघडं ध्यान पोहत पायरीशी यायचं, उजव्या हातानं दगड धरायचं आणि डावा हात माझ्यासारखा छातीशी घट्ट. पदर सावरायचं! धुणं धुणाऱ्या बाया पोट धरून हसायच्या. “अगं, तुझ्या नातवाला जरा पदर तरी दे!” मीही हसले. त्याला दोन्ही हात लावायला सांगायचं होतं, ते हसण्यात राहून गेलं. पुढं तो इथल्या पालिकेच्या तलावावर गेला, कोच मिळाले, त्यांनी सगळं मोडून नव्यानं बसवलं. आपली विहीर बुजवली. आता तिथं कंपनीच्या बस उभ्या असतात.

तर शर्यतीचा दिवस. आम्ही सगळे संत तुकाराम नगरच्या घरात टीव्हीसमोर. आठ जण पाण्यात, पहिले दोघं फायनलला जाणार. आपला दुसरा आला. मी टाळ्या वाजवत होते. मग पडद्यावर नावं आली, नावापुढे आकडे. आकडे मला येतात आबा, अक्षरं येत नाहीत. बाकी सगळ्यांपुढे आकडे आणि आपल्या पोराच्या नावापुढे तीन अक्षरं. मला वाटलं, त्याला काहीतरी मोठं मिळालं. आकड्यापेक्षा अक्षर मोठं, असं मला जन्मभर वाटत आलंय. मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. नात म्हणाली, “आजी, थांब. बाद केलं त्याला. बेडकाच्या शेवटी भिंतीला एकच हात लागला.”

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. “आजी, इतकी वर्षं रोज दोन्ही हात लावतोय गं. आजच कसं झालं? असली चूक तर लहान पोरं करतात. मी सोडतो ही शर्यत. माझं डोकंच टिकत नाही दमल्यावर.” मग म्हणाला, “कोच म्हणतात, माणूस दमला की सगळ्यात जुन्या सवयीवर जातो. पण मला असली सवय कधी नव्हतीच.”

मी म्हटलं, “पाणी गार असंल.”

एवढं बोलून फोन नातीकडे दिला. ती लिहिता लिहिता आत्ता माझ्याकडे बघतेय. बघू दे.

रविवारी तो येतोय. स्वतःला दोष देत बसलाय, शर्यत सोडायची म्हणतोय, आणि सवय कुणाची ते इथं मला ठाऊक आहे. सांगितलं नाही तर तो जन्मभर स्वतःच्या डोक्यावर शंका घेईल. सांगितलं तर म्हणेल, आजीनं घालवली. म्हणू दे. बोलणी खायची मला सवय आहे, तुमच्याकडूनच लागली. पण आधी एकदा तुमच्यासमोर म्हणून बघितलं, कारण तुम्ही आता ओरडू शकत नाही. नात विचारते, हा कागद त्याच्या बॅगेत ठेवू का. म्हटलं, नको. कागदाआड लपायला मी काय शिकलेली आहे? त्याला मी तोंडानं सांगीन. कागद जाईल माझ्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांखाली.

एक राहिलं. परवा नातीनं मोबाइलवर ती भिंतीची जागा हळू करून दाखवली. उजवा हात भिंतीला. डावा छातीशी, मूठ आवळलेली. पदर मी लगेच ओळखला. पोर बाद झालं होतं, घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं, आणि मला, खरं सांगते आबा, बरं वाटलं. तुम्ही ओरडून ज्याला पाण्यातून वर काढलंत, तो माझा हात तिथवर पोहत गेला होता.

हे शेवटचं लिहू नको, असं पोरीला सांगितलंय. तिनं लिहिलं की नाही, मला कुठं कळणार.