प्रस्थानाला ठेवलेली बॅग

इंदिरानगर, नाशिक
जुलैचा शेवटचा रविवार, जेवणानंतर

प्रिय यादव यास पुंजाचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली गुडघे परवानगी देत नाहीत).

तुझा रक्तदाब, वहिनींची कंबर आणि तुझी ती स्कूटर, जिला माझ्या मते या दोहोंपेक्षा अधिक उपचारांची गरज आहे, अशी सर्व मंडळी सुखरूप असावीत. आमच्याकडे सुवर्णा बरी आहे आणि मी कसा आहे हे तीच ठरवते. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सॅपवर लिहिलं तर हात जोडल्याचं चित्र धाडून मोकळा होतोस. शिवाय मला तुझे आभार मानायचे आहेत. ते माणसाने बसून शाईने मानावेत, म्हणजे मागाहून परत घेता येत नाहीत. तुला एरवी माझं बोलणं लांबट वाटतं हे मी जाणून आहे (कॉलेजात दुसऱ्याच वर्षी तू संस्कृत सोडून पळालास ते त्यामुळेच, असं तू वहिनींना सांगितल्याचं कळलं). पण तू पाहिलास तो फक्त शेवटचा अंक. आधीचं नाटक नाशकात झालं, ते ऐकून घे.

जूनमध्ये आमची निकिता सूक्ष्मजीवशास्त्रात पदवीधर झाली आणि पेढे संपायच्या आत तिने जाहीर केलं की विशाखापट्टणमला, कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली आहे. कोळंबी! मी चातुर्मासात कांदासुद्धा खात नाही, हे तुला ठाऊक आहे. (पिढ्यान्‌पिढ्या लासलगावच्या बाजारात कांदा विकणाऱ्या घरात मी हे व्रत धरलं, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "घरचंच गिऱ्हाईक तोडतो का रे?") तरी मी विरोध केला नाही. शिकलेला माणूस विरोध करत नाही, शंका काढतो. मी दमट हवेची काढली, भाषेची काढली, चक्रीवादळाची काढली. शेवटी विचारलं, नाशकात काय कमी आहे? ती म्हणाली, "समुद्र." मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. म्हटलं, जायचं तर जा, पोहोचवायला मी येणार नाही. ती म्हणाली, "बरं." एवढंच. यादव, त्या 'बरं'नंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, पण सुवर्णाला मी पित्ताचं सांगितलं.

तिची गाडी शनिवारची होती. पंचांग उघडून पाहतो तो शनिवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेचा प्रवास वर्ज्य. तुमचं विशाखापट्टणम तर पूर्वेला इतकं, की त्याच्या पुढे फक्त पाणी. आमच्या घराण्यात कोणी कांद्याचा ट्रॅक्टर मुहूर्त पाहून काढलेला नाही, पण मी चार बुकं शिकलो, त्याचं काहीतरी प्रायश्चित्त घरच्यांना भोगावं लागणारच. जुन्या लोकांनी यावर तोड काढून ठेवली आहे, प्रस्थान. जाणाऱ्याची एखादी वस्तू आधीच चांगल्या वेळी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. मग खरोखर निघताना ती उचलायची आणि मागे न वळता चालू पडायचं. फडक्यात बांधलेली सुपारीही चालते. मी बॅग ठेवली. लहान, निळी, आत गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र, झाडून सगळे मूळ कागद. (म्हटलं, सुपारी निघाली आणि पदवी मागे राहिली, असं नको.) गुरुवारी सकाळी यथाविधी ती समोरच्या फ्लॅटमधल्या कलाबाईंच्या दिवाणावर ठेवून आलो. कलाबाई सत्तरीच्या, एकट्या राहतात, स्वभावाने आणि कानाने दोन्हीकडून मोकळ्या.

शनिवारी दुपारी रिक्षा दारात आली, निकिता बॅग घ्यायला समोर गेली, तर कलाबाईंच्या दाराला हे एवढं कुलूप. फोन लावला, तो दाराआडच वाजू लागला. खालच्या वॉचमनने सांगितलं की आजी शुक्रवारी संध्याकाळीच भाच्याच्या वास्तुशांतीला लासलगावला गेल्या. सुवर्णा म्हणाली, "अहो, कुलूप तोडा." मी म्हटलं, प्रस्थानाच्या वस्तूला अशी जबरदस्ती बरी नव्हे, आणि शिवाय कुलूप दुसऱ्याचं. सुवर्णाने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. निकिता मात्र शांत होती. मंगळवारी साडेनऊला मूळ कागदांसह हजर व्हायचं, असं कंपनीच्या पत्रात छापलेलं, आणि ही शांत! "बाबा, मी येते. बॅगेचं तेवढं तुम्ही बघा," म्हणाली आणि रिक्षात बसली.

पुढचं तुला माहीत आहे. रविवारी सकाळी तुझा फोन, "मंगळवारी साडेनऊ म्हंजी साडेनऊ, पंडित. कागद नाय तर नोकरी नाय." दुपारी कलाबाई उगवल्या, मी बॅग उचलली, मनमाडहून सिकंदराबाद, तिथून पुढे, दोन रात्री बॅग पोटाशी धरून. कुरिअरने पाठवता येत नव्हती का, असं वाटेत एका प्रवाशाने विचारलं. मी झोपेचं सोंग घेतलं. स्टेशनावर तू दात काढून उभाच. "काय रं, पोहोचवायला येनार नव्हता ना?" मी म्हटलं, मी बॅग पोहोचवायला आलो आहे.

गाडी तासभर उशिरा आली, तोवर निकिता कंपनीच्या बसने गेलेली. म्हणून तू मला आंघोळीसाठी तिच्या घरमालकीणबाईंकडे सोडलंस आणि स्वतः पेट्रोल भरायला पसार झालास. (पेट्रोल भरायला पाऊण तास लागणारी स्कूटर मी प्रथमच पाहिली.) त्या पाऊण तासात काय घडलं, ते तू अजून कोणाला सांगितलं नसशील तर मीच सांगतो. वरलक्ष्मीअम्मांना हिंदी येत नाही, मला तेलुगू येत नाही. संस्कृत साऱ्या देशाला जोडते असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो आहे. प्रत्यक्ष जोडून पाहण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला. मी धोतर नेसून बाहेर आलो आणि अत्यंत शुद्ध संस्कृतात, मला साडेनऊपूर्वी निघायचं आहे, असं निवेदन केलं. बाईंनी हात जोडले, आत गेल्या आणि हळदकुंकू, नारळ, फुलं घेऊन बाहेर आल्या. अंगणात त्यांच्या जावयाची नवी कोरी मोटारसायकल उभी होती. तिची पूजा सांगायला भटजी मिळत नव्हता, आणि तो देवाने थेट न्हाणीघरातून पाठवला, असा त्यांचा समज झाला. नाही म्हणायला माझ्याकडे भाषाच नव्हती. मी नवग्रहांना बोलावलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा नवग्रहांना घाई केली. चाकाखाली लिंबं ठेवून झाल्यावर जावईबापूंनी गाडी सुरू केली आणि शेजारच्या दोन बायका आपापल्या घरातून मिक्सर आणि शिलाई मशीन घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा तू आलास. तुझ्या येण्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तर अशा रीतीने कपाळाला कुंकू, एका हातात केळ्यांचा फणा, दुसऱ्या हातात पदवी, असा मी नऊ वीसला कोळंबीच्या कंपनीच्या फाटकाशी उतरलो. निकिता पांढरा कोट, टोपी आणि गमबूट घालून बाहेर आली. मला वाटलं होतं, रडेल. ती हसली. बॅग घेतली, न उघडता सुरक्षारक्षकाच्या टेबलाखाली सरकवली आणि म्हणाली, "बाबा, कागद महिनाअखेरपर्यंत चालतात. फोनवरचे फोटो मी कालच दाखवले." मी म्हटलं, मग यादवकाका म्हणाला ते? "काकांना मीच सांगितलं होतं तसं म्हणायला." तू तेव्हा केळं सोलत होतास. त्या क्षणी मी तुला मनात जे म्हटलं, ते संस्कृतातही चांगलं दिसत नाही.

आणि आता, यादव, आभार. तू खोटं बोललास म्हणून त्या संध्याकाळी मी तुमच्या किनाऱ्यावर होतो. काय रे ती गर्दी! आमच्याकडे एस.टी. डेपोत उभी राहावी तशी तुम्ही वाळूत आख्खी पाणबुडी उभी करून ठेवली आहे आणि लोक तिकडे पाठ करून मक्याची कणसं खात आहेत. निकिताने दोन दिवसांत वीसेक तेलुगू शब्द गोळा केले होते, त्यांतले सगळे तिने कणीसवाल्याशी भांडायला वापरले आणि वर लिंबू जास्त पिळून घेतलं. रस्ता ओलांडताना तिने माझं मनगट धरलं. "थांबा. मी म्हणेन तेव्हा चला." मी थांबलो. ती म्हणाली तेव्हा चाललो. पलीकडे गेल्यावर मला कळलं की मी ज्या ज्या शंका काढल्या होत्या, त्यांतली एकही तिच्याबद्दल नव्हती. वाळूत बसून सुवर्णाने दिलेला चिवडा उघडला तर तुमच्या हवेने तो पार सादळलेला. दुसऱ्या दिवशी वरलक्ष्मीअम्मांनी तो कढईत परतून, वर कढीपत्ता टाकून परत दिला, नाशकापेक्षा बरा. (हे वाक्य सुवर्णाला वाचून दाखवलेलं नाही.) तिथे कोणी कोणाचं नसताना त्या बाईंनी माझ्या मुलीचं ताट मांडलं, तू तिची खोली शोधलीस, वहिनींनी तिला बाजार दाखवला. मी इथे बसून फक्त दिशा पाहत होतो. हे ऋण नुसतं कबूल करतो, फेडायची भाषा करत नाही. तसं केलं तर तू पुन्हा मला स्कूटरवर बसवशील.

वहिनींना नमस्कार, तुला आशीर्वाद (मी तुझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहे, विसरू नकोस).

तुझा,
पुंजा

ता. क. : वरलक्ष्मीअम्मांना कळव की शिलाई मशीनच्या पूजेला मला शास्त्राधार सापडलेला नाही, मिक्सरच्या शोधात आहे.

ता. क. दुसरा : वर नाटक सांगताना एक प्रवेश गाळला होता. बुधवारी संध्याकाळी जिन्यात कलाबाई भेटल्या होत्या आणि शुक्रवारी लासलगावला जाणार असल्याचं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. बॅग त्यांच्याकडे मी गुरुवारी ठेवली. शेजारी इतरही आहेत. गाडी चुकेल, नोकरी चुकेल, पोरगी इथेच राहील, असं मी मनाशी स्पष्ट म्हटलं नव्हतं. पण कुलूप पाहून मला धक्का बसला नाही, हे खरं. हे मी सुवर्णालाही सांगितलेलं नाही. तिला सांगायची गरज नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसतं.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात कलाबाई विरजण मागायला आल्या. मी त्यांच्यापाशी चूक कबूल केली, की तुम्ही जाणार हे ठाऊक असून बॅग ठेवली. त्या म्हणाल्या, "आवो सर, तुमची निकी आली व्हती ना शुक्रवारी. मी म्हनलं, बाई, मी चालले, तुझी बॅग घेऊन जा. तर म्हने, राहू द्या आजी, बाबा आनतील."

यादव, मी त्यांना विरजण दिलं आणि पत्र पुन्हा पाकिटातून बाहेर काढलं. तू तिला यातलं काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. मात्र एक काम कर, पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच. तिची गोधडी इथे कपाटात राहिली आहे. तुमच्याकडे बारा महिने पंखा लागतो, हे मी डोळ्यांनी पाहून आलो आहे. तरी दिवाळीच्या आधी कधीतरी, किनाऱ्यावर फिरताना सहज म्हणून, तिच्या तोंडून एवढं वदवून घे, की रात्री जरा गार वाटतं. कुरिअरचं नाव मात्र निघू देऊ नकोस.